मध्यमवर्ग किती वाढला ते राहू द्या, पैसा घरात कधी येतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरगुती वापराच्या वस्तू बनवणारी मध्यम आकाराची कंपनी आहे, आता आफ्रिका, आग्नेय आशिया किंवा लॅटिन अमेरिका यातल्या कुठल्यातरी देशात जायचंय, हातात दोन-तीन कन्सल्टिंग रिपोर्ट आहेत आणि सगळ्यांत तेच चित्र, मध्यमवर्ग वाढतोय, शहरं वाढतायत, मोबाइल वाढतायत, मग यातले खरे ट्रेंड कोणते आणि पैसे कशाच्या भरवशावर लावायचे. मी बरीच वर्षं ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विक्रीत आणि वितरणात काढलीत, त्यातली बरीचशी अशाच देशांमध्ये, त्यामुळे रिपोर्टपेक्षा जरा वेगळं सांगणार आहे आणि लांबणार आहे, चालवून घ्या.

आधी एक गोष्ट. उदयोन्मुख अर्थव्यवस्था नावाचा एक बाजार कुठेच नाहीये, ती गुंतवणूकदारांनी आपल्या सोयीसाठी बांधलेली मोळी आहे. शेअर बाजारांचे निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआयचा इमर्जिंग मार्केट्स इंडेक्स काढून बघा, चीन, तैवान, भारत आणि दक्षिण कोरिया या चौघांचंच वजन त्यात निम्म्याहून बरंच जास्त आहे, आणि तैवान तिथे एवढा मोठा दिसतो तो तिथले लोक फार खरेदी करतात म्हणून नाही तर चिप बनवून जगाला विकतो म्हणून. दक्षिण कोरियाला एमएससीआय अजून उदयोन्मुख म्हणतं, तसेच निर्देशांक बनवणाऱ्या एफटीएसईने त्याला २००९ मध्येच विकसित देशांत टाकलंय. जिम ओ'नील यांनी २००१ मध्ये गोल्डमन सॅक्समध्ये असताना ब्रिक (ब्राझील, रशिया, भारत, चीन) मांडलं तेही जीडीपीच्या हिशोबातून आलेलं होतं, दुकानातल्या फळीवरून नाही. त्यामुळे 'इमर्जिंग मार्केट्समध्ये कन्झम्प्शन अमुक टक्क्यांनी वाढणार' असं वाक्य दिसलं की मी सरळ पुढचं पान उलटतो.

आता मध्यमवर्ग. आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेने २०११ मध्ये एक हिशोब मांडला होता की आफ्रिकेतले साधारण ३४ टक्के लोक, म्हणजे ३० कोटींच्या वर, मध्यमवर्गात आलेत. तो आकडा सगळ्या बोर्डरूममधून फिरला. पण व्याख्या काय होती, तर दिवसाला माणशी २ ते २० डॉलर खर्च करणारा तो मध्यमवर्ग, आणि त्यातले जवळपास ६० टक्के लोक २ ते ४ डॉलरच्या पट्ट्यात, ज्यांना त्याच अहवालात तरंगता वर्ग म्हटलेलं होतं, म्हणजे घरात एक मोठं आजारपण आलं की परत खाली. कोणी काही लपवलं नव्हतं, सगळं लिहिलेलं होतं, फक्त अहवालातून स्लाइडवर येताना गळालं. मग २०१५ मध्ये नेस्लेने आफ्रिकेतल्या २१ देशांत १५ टक्के माणसं कमी केली आणि त्यांच्या तिथल्याच एका प्रमुखाने उघडपणे सांगितलं की आम्हाला वाटलं होतं हे पुढचं आशिया होईल, पण या भागातला मध्यमवर्ग फारच लहान आहे आणि तो खरं तर वाढतही नाहीये.

आणि हे फक्त आफ्रिकेचं नाही. इंडोनेशियाच्या सरकारी सांख्यिकी खात्याचे आकडे बघा, २०१९ मध्ये मध्यमवर्गात सुमारे ५.७ कोटी लोक होते ते २०२४ मध्ये ४.८ कोटींच्या आसपास आले, तेही कोविडनंतर जीडीपी परत ५ टक्क्यांच्या आसपास वाढायला लागलेला असताना. हे लोक गरीब झाले असंही नाही, बहुतेक जण एक पायरी खाली, मध्यमवर्गाच्या उंबरठ्यावर असलेल्या गटात गेले. पण तुम्ही महागडं डिटर्जंट लिक्विड विकायला गेला असाल तर तुमच्यासाठी ते गिऱ्हाईक गेलंच की.

माझं म्हणणं एवढंच आहे की या देशांमध्ये माणूस किती कमावतो यापेक्षा कमाई कशी येते, रोज येते, आठवड्याने येते, हंगामाला येते की महिन्याला, यावर तो काय आणि कसं विकत घेईल हे जास्त ठरतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये मोजलं होतं की जगातले साधारण २ अब्ज, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के लोक असंघटित कामात आहेत आणि आफ्रिकेत हेच प्रमाण ८५ टक्क्यांच्या पुढे जातं. यांना पगाराची स्लिप नाही, एक तारखेला खात्यात जमा होणारी रक्कम नाही. महिन्याला सारखीच कमाई असलेली दोन घरं घ्या, एकाला पगार मिळतो आणि दुसऱ्याचं रोजच्या धंद्यावर चालतं, तर पहिलं घर महिन्याचा मोठा पॅक उचलेल आणि दुसरं घर आजच्यापुरतं घेईल, कारण हातातला पैसा एका पाकिटात अडकवून ठेवणं त्याला परवडत नाही, उद्या मालच भरता आला नाही तर काय. रिपोर्टमध्ये ही दोन्ही घरं एकाच चौकटीत बसतात.

लहान पॅकचं सगळं गणित इथून सुरू होतं, आणि ते 'गरिबांसाठी स्वस्त' असं नसतं, ते रोखीच्या लयीचं गणित असतं. लोक लहान पाऊच घेतात कारण ते खिशातल्या नाण्यात बसतं. मग कंपन्या करतात काय, तर किंमत नाण्याला खिळवून ठेवतात आणि महागाई आली की आतलं वजन कमी करतात, म्हणजे ग्रॅमेज हलतं, किंमत हलत नाही. बाहेरून येणारे लोक इथे हमखास अडकतात, ते आपल्या देशातल्या सवयीने किंमत चार-पाच टक्के वाढवतात, ती किंमत कुठल्याच नाण्यात बसत नाही, दुकानदार सुट्ट्याची कटकट नको म्हणून माल मागे सरकवतो आणि सेल्समन परत येऊन सांगतो की ग्राहकाला ब्रँड आवडत नाही. ब्रँडचा काही संबंध नसतो हो. अजून एक, मोठा पॅक म्हणजे स्वस्त असं गृहीत धरू नका. भारतात शॅम्पूचं पाऊच कित्येकदा दर मिलीला बाटलीपेक्षा स्वस्त पडतं, कारण सगळी मारामारी पाऊचवरच चाललेली असते, त्यामुळे बाटलीवर न्यायचं म्हटलं तर ग्राहकाला कारणच उरत नाही. वरून कचऱ्याचा मुद्दा आता कायद्यात आलाय, फिलिपिन्सने २०२२ मध्ये प्लास्टिक पॅकेजिंगची जबाबदारी उत्पादकावर टाकणारा कायदा केला, तर पाऊचवर धंदा उभा करताना तो खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

मोबाइलवाल्यांना ही लय सगळ्यात आधी कळली. प्रीपेड रिचार्ज म्हणजे दुसरं काय आहे, बिलाची तारीख काढून टाकली आणि असेल तेव्हा भर म्हटलं. ट्रान्शनचं उदाहरण मला फार आवडतं, शेन्झेनची कंपनी, २००६ ची, टेक्नो, इन्फिनिक्स आणि आयटेल हे ब्रँड त्यांचेच, आणि स्वतःच्या देशात जवळपास नाव नाही पण आफ्रिकेत पहिल्या नंबरवर. त्यांनी केलं काय, तर एकापेक्षा जास्त सिमचे फोन दिले, कारण एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर कॉल महाग पडायचा म्हणून लोक दोन-तीन सिम बाळगायचे आणि बदलत बसायचे, बॅटरी मोठी दिली कारण विजेचा भरवसा नाही, कॅमेरा सावळ्या-काळ्या रंगाचे चेहरे नीट यावेत असा ट्यून केला आणि स्थानिक भाषांचे कीबोर्ड टाकले. यातलं काहीच भारी तंत्रज्ञान नाहीये. रस्त्यावर उभं राहून लोक फोन कसा वापरतात हे कोणीतरी बघितलं, एवढंच, आणि तेवढंच मोठमोठ्या ब्रँडने केलं नव्हतं.

केनियातली एम-कोपाही याच जातीची, २०१२ च्या सुमाराला घरगुती सोलर किट विकायला सुरुवात केली, पूर्ण किंमत कोणाकडे नव्हती म्हणून रोजचा छोटा हप्ता मोबाइल मनीवरून घ्यायचा, हप्ता थांबला की यंत्र बंद, भरला की चालू, आणि आता तोच प्रकार स्मार्टफोनसाठी करतात. म्हणजे वस्तू तीच, फक्त पैसे मागायची वेळ बदलली आणि न परवडणारी वस्तू परवडायला लागली.

डिजिटल पेमेंटवर प्रत्येक रिपोर्टमध्ये एक अख्खा चॅप्टर असतो म्हणून त्यावर थोडं. केनियात सफारीकॉमने मार्च २००७ मध्ये एम-पेसा आणलं, ते चाललं ते अॅपमुळे नाही (तेव्हा साधे फोनच होते), चाललं ते गल्लोगल्लीच्या एजंटांमुळे, रोख देऊन शिल्लक घ्या आणि शिल्लक देऊन रोख घ्या. भारतात यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला १००० कोटी व्यवहारांच्या पुढे गेलं. ब्राझीलमध्ये केंद्रीय बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स सुरू केलं, मोठ्या बँकांना सामील होणं सक्तीचं केलं, सामान्य माणसाला ते फुकट ठेवलं आणि दोन-तीन वर्षांत ते सगळीकडे झालं. तीन देश, तीन रस्ते, एकीकडे टेलिकॉम कंपनी, दुसरीकडे बँकांची सामायिक संस्था, तिसरीकडे थेट केंद्रीय बँक. पण धंद्याच्या नजरेने बघाल तर पैसे पाठवणं स्वतः फारसं कमवून देत नाही, भारतात तर जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्कच शून्य आहे. कमाई होते ती त्या व्यवहारांची नोंद बघून कर्ज देण्यात. म्हणून पेमेंटच्या मागे येणारा खरा ट्रेंड म्हणजे कर्ज, आणि कर्जाबद्दल वस्तू विकणाऱ्या कंपन्या फार कमी विचार करतात, जो त्यांनी सगळ्यात जास्त करायला हवा.

का ते सांगतो. नुबँक ही मोबाइलवरून चालणारी बँक २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये ब्राझील, मेक्सिको, कोलंबिया मिळून १० कोटी ग्राहकांच्या पुढे गेली, त्यातल्या कित्येकांना आयुष्यातलं पहिलं क्रेडिट कार्ड तिनेच दिलं. चांगलंच आहे. पण याच ब्राझीलमध्ये कार्डाच्या थकलेल्या रकमेवरचं व्याज वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर जात होतं आणि शेवटी जानेवारी २०२४ पासून कायद्यानेच मर्यादा घालावी लागली की व्याज मूळ थकबाकीच्या १०० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. केनियात मोबाइलवर मिनिटांत कर्ज देणाऱ्या अॅपचं इतकं पीक आलं की २०२२ मध्ये केंद्रीय बँकेला परवाना सक्तीचा करावा लागला. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये मायक्रोफायनान्सचं काय झालं ते तर सगळ्यांना माहीत आहे, राज्य सरकारच्या वटहुकमानंतर वसुली ठप्प झाली आणि अख्खं क्षेत्र हादरलं. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांवरचं रिस्क वेट (म्हणजे अशा कर्जामागे बँकेने किती भांडवल धरायचं त्याचं माप) १०० वरून १२५ टक्के केलं ते काही उगीच नाही.

आता याचा साबण-डिटर्जंटशी काय संबंध? थेट संबंध आहे. घरात फोनचा हप्ता, दुचाकीचा हप्ता, आधीच्या कर्जाचा हप्ता असे तीन हप्ते बसले की ती रक्कम हलत नाही, न भरून चालत नाही, फोन बंद पडतो नाहीतर वसुलीवाला येतो. मग हलतं काय, तर किराणा आणि घरगुती सामान. लोक वापरणं बंद करत नाहीत, पण लहान पॅकवर येतात, स्वस्त ब्रँडवर येतात, आठवडा ओढून दहा दिवसांवर नेतात. कंपनीच्या मीटिंगमध्ये यालाच 'मागणी मंदावली' म्हणतात आणि जाहिरातीचं बजेट वाढवतात, आणि इकडे जाहिरातीने हप्ता तर कमी होत नाही. म्हणून मी कुठल्याही देशात जाताना आधी रिटेल कर्ज किती वेगाने वाढतंय आणि थकबाकी किती ते बघतो. एखाद्या देशात टिकाऊ वस्तूंची विक्री जोरात असेल आणि ती सगळी हप्त्यावर असेल तर पुढच्या वर्ष-दोन वर्षांत रोजच्या वस्तूंना ताण बसणार असं मी धरून चालतो, आणि बहुतेक वेळा तो बसतो.

दुकानांकडे येऊ. वीस वर्षांपासून ऐकतोय की मॉडर्न ट्रेड, म्हणजे सुपरमार्केटच्या साखळ्या, येणार आणि छोटं दुकान संपणार. नाही संपलं. कारण छोटा दुकानदार तीन कामं करतो जी सुपरमार्केट करत नाही, तो उधारी देतो, सुटं विकतो आणि घराला लागून असतो. उधारी म्हणजे वर सांगितलेल्या रोखीच्या लयीचंच औषध आहे, आणि व्याजही लावत नाही. मध्यंतरी याच दुकानांना अॅपवरून माल पुरवणाऱ्या स्टार्टअपची लाट आली, मधले घाऊक व्यापारी काढून टाकायचे म्हणे, आफ्रिकेत वासोको आणि मॅक्सएबी यातल्या मोठ्या, शेवटी २०२४ मध्ये दोघांनी एकत्र येऊन विलीनीकरण केलं. अडचण अशी की मार्जिन कागदासारखं पातळ, पेट्रोल-डिझेलचा खर्च खरा, आणि घाऊक व्यापारी नुसता माल देत नव्हता तर माणूस ओळखून उधार देत होता, ते कोडमध्ये लिहिणं अवघड जातं.

मात्र एक दुकानाचा प्रकार खरोखर वाढतोय आणि त्याबद्दल त्या मानाने फार कमी बोललं जातं, तो म्हणजे हार्ड डिस्काउंट. लहान दुकान, थोडेच एसकेयू (म्हणजे मालाचे आणि पॅकचे वेगवेगळे प्रकार), खोक्यातूनच विक्री, बराचसा माल स्वतःच्या लेबलचा. तुर्कीत बिम १९९५ मध्ये सुरू झाली आणि आज तिची दुकानं १०,००० च्या पुढे आहेत. कोलंबियात डी१ ने २००९ मध्ये सुरुवात केली आणि आता ती तिथल्या सगळ्यात मोठ्या साखळ्यांपैकी एक आहे. मेक्सिकोत ऑक्सो डिस्काउंट प्रकारात मोडत नाही, सोयीचं दुकान आहे, पण २०,००० हून जास्त दुकानं आणि तिथेच बिल भरणं, रोख जमा करणं, म्हणजे परत एजंटचं काम. कोलंबियातलीच हुस्तो इ बुएनो मात्र याच धंद्यात बुडाली, तेव्हा मॉडेल चांगलं म्हणून सगळे तरतात असं नाही, पुरवठादारांची देणी थकली की खेळ संपतो. प्रश्न विचारणाऱ्यांना माझा सल्ला असा की ब्रँड घेऊन शंभर टक्के स्वतःच्या नावावर उतरण्याआधी अशा साखळीला त्यांच्या लेबलचा माल बनवून द्यायचा विचार नक्की करा. नाव होत नाही, मार्जिन कमी, पण जाहिरात शून्य, आणि वर्षभरात बाजार असा समजतो की कुठल्याही सर्व्हेत समजणार नाही. मालकांना हे कमीपणाचं वाटतं, वाटू द्या.

ई-कॉमर्सचं दोन ओळीत. जुमिया २०१२ मध्ये नायजेरियात सुरू झाली, एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्कला लिस्ट झाली आणि त्याच वर्षी कॅमेरून, टांझानियातून बाहेर पडली, २०२४ च्या अखेरीला दक्षिण आफ्रिका आणि ट्युनिशियाही सोडलं. दुसऱ्या बाजूला मेर्काडो लिब्रे, १९९९ ची, लॅटिन अमेरिकेत टिकली आणि वाढली कारण तिने पैसे द्यायची सोय, डिलिव्हरी आणि नंतर कर्ज हे सगळं स्वतः उभं केलं, कारण विकत घ्यायला ते कुठे तयार नव्हतंच. खंड एक दिसतो म्हणून बाजारही एक समजणं ही चूक जुमियाने महाग किमतीला शिकवली, चौदा देश म्हणजे चौदा कस्टम, डझनभर चलनं आणि चौदा प्रकारचे पत्ते.

आता प्रीमियमायझेशन, म्हणजे ग्राहकाचं महागड्या वस्तूंकडे वळणं, सध्याचा लाडका शब्द. खोटं नाहीये, वरचा थर खरंच महाग घेतोय, मोठ्या गाड्या, महाग फोन. पण त्याच वेळी खालचा थर स्वस्ताकडे सरकतोय आणि मधला भाग पोकळ होतोय. मधल्या किमतीत, मधल्या दर्जाची वस्तू घेऊन जाणं आज सगळ्यात धोक्याचं आहे, आणि मध्यम कंपन्या नेमक्या तिथेच जातात. यात एक बारकावा आहे, खालच्या थरातलं घरसुद्धा सगळंच स्वस्त घेत नाही. चार लोकांना दिसणारी वस्तू, मुलांची वस्तू, आणि जी बिघडली तर मोठं नुकसान होईल अशी वस्तू, यात ते वरचं घेतात आणि उरलेल्यात काटकसर करतात. 'सगळ्यात स्वस्त' हीच ओळख झाली की काय होतं ते टाटा नॅनोने दाखवलं, २००९ मध्ये आली, २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. बाकी कारणंही होती, पण त्याच पैशात वापरलेली, जरा मोठी गाडी मिळते हे लोकांना बरोबर कळत होतं. टिकाऊ वस्तूंमध्ये तुमचा खरा स्पर्धक बहुतेक वेळा जुन्या मालाचा बाजार असतो, त्याचा आकडा कुठल्याच रिपोर्टात सापडत नाही.

घरगुती वस्तूंच्या कंपनीने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असा ट्रेंड माझ्या मते वेगळाच आहे. जिथे सरकारी व्यवस्था कमी पडते तिथे घरं स्वतःच ती व्यवस्था विकत घ्यायला लागलीत. पाकिस्तान बघा, वीज महाग झाली, चीनमधून सोलर पॅनल स्वस्त झाले आणि २०२४ या एका वर्षात तिथे साधारण १७ गिगावॅटचे पॅनल आयात झाले, कुठली मोठी सरकारी योजना नाही, लोकांनी आणि कारखान्यांनी आपापल्या छतावर चढवले. दक्षिण आफ्रिकेत २०२३ मध्ये लोडशेडिंगने कळस गाठला तेव्हा इन्व्हर्टर, बॅटरी, सोलर असंच झालं. पाण्याची टाकी, फिल्टर, स्टॅबिलायझर, रिचार्जेबल दिवे, कमी पाण्यात निघणारं डिटर्जंट, हे सगळं एकाच कारणातून येतं. गंमत म्हणजे ही खरेदी मंदीतही थांबत नाही, उलट वाढते, कारण ती हौस नसते. इथे मधल्या किमतीलाही जागा आहे, कारण बिघडलं तर रात्र अंधारात जाते म्हणून लोक अगदी स्वस्त घ्यायला घाबरतात. पण सर्व्हिस लागते, दुरुस्तीवाला लागतो, आणि तिथे चिनी माल आजही कमी पडतो.

चिनी मालाचा विषय निघालाच आहे तर, तुमचा स्पर्धक तिथला स्थानिक कारखाना असेल असं समजून जाऊ नका. चीनमध्ये घरगुती खर्चाचा जीडीपीतला वाटा अजून ४० टक्क्यांच्या आसपासच आहे, आतली मागणी कमी आणि कारखाने मोठे, त्यामुळे माल बाहेर येणारच. ब्राझीलच्या बहिया राज्यात कामासारी इथला कारखाना फोर्डने २०२१ मध्ये बंद केला, त्याच जागेवर आता चीनची इलेक्ट्रिक गाड्या बनवणारी बीवायडी आहे, यापेक्षा नेमकं चित्र काय हवं. इथिओपियाने २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांची आयातच बंद केली, इंधनाला डॉलर नाहीत म्हणून, म्हणजे ती बाजारपेठ आपोआप कोणाकडे गेली ते बघा. सरकारंही हात बांधून बसलेली नाहीत, ब्राझीलने ऑगस्ट २०२४ पासून ५० डॉलरपर्यंतच्या परदेशी ऑनलाइन पार्सलवर २० टक्के आयात कर लावला. अशा करांचा फायदा स्थानिक उत्पादकाला होतो, नुसती आयात करून विकणाऱ्याला नाही.

आणि चलन. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच प्लॅनमध्ये नीट धरत नाही. नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायराचा दर मोकळा केला, तेव्हा डॉलरला ४६०-४७० च्या आसपास होता तो २०२४ च्या सुरुवातीला १५०० च्या पुढे गेला. २० कोटींहून जास्त लोकसंख्या, तरुण देश, सगळं रिपोर्टप्रमाणेच, आणि तरी पी अँड जीने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की तिथलं उत्पादन बंद, फक्त आयात करून विकू. ग्राहक कुठे गेला नव्हता, फक्त त्याची कमाई नायरात आणि कच्चा माल डॉलरात, आणि मधली दरी पाऊचच्या ग्रॅमेजमधून भरून निघत नाही. इथे टिकले ते ज्यांचा कच्चा माल देशातच मिळत होता ते. परदेशातून घरी येणारे पैसे मात्र उलटा खेळ करतात, फिलिपिन्स, मेक्सिको, पाकिस्तान, इजिप्त अशा देशांत बाहेर गेलेली माणसं डॉलर किंवा रियाल पाठवतात, चलन पडलं की त्या घरांच्या हातात स्थानिक पैसा वाढतो. अशा भागात मंदीतसुद्धा घरबांधणी आणि घरसामान चालू राहतं. देशाच्या सरासरीत हे दिसत नाही, जिल्हा-जिल्हा बघावं लागतं.

वयाचं जास्त लांबवत नाही. आफ्रिकेचं मध्यम वय (म्हणजे निम्मे लोक याहून लहान) १९ च्या आसपास, चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटायला लागलीय, थायलंड श्रीमंत व्हायच्या आधीच म्हातारा होतोय. एकाच प्रेझेंटेशनमध्ये लहान मुलांच्या डायपरची वाढ तरुण आणि म्हाताऱ्या अशा दोन्ही देशांत दाखवलेली मी बघितलीय.

मग प्रत्यक्षात करायचं काय. देश निवडायच्या आधी तिथला सरकारी घरगुती खर्चाचा सर्व्हे काढा, तो जवळपास सगळीकडे असतो आणि कन्सल्टंटच्या रिपोर्टपेक्षा कंटाळवाणा पण खरा असतो. त्यात अन्नावर खर्चाचा किती वाटा जातो ते बघा. भारताच्या २०२२-२३ च्या सर्व्हेत ग्रामीण भागात तो ४६ टक्क्यांवर आला, पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली. तो वाटा उतरायला लागला की घरगुती वस्तूंना जागा होते, आणि परत चढला तर समजायचं की महागाईने जागा खाल्ली, मग जीडीपी काहीही म्हणो. मग तिथल्या मोठ्या कंपन्यांचे तिमाही निकाल घ्या आणि विक्रीतली वाढ किती नगांतून आली आणि किती किमतीतून ते वेगळं करा, दोन-तीन वर्षं नुसती किमतीतूनच वाढ चाललेली असेल तर ग्राहक दमलाय.

त्यानंतर माणूस पाठवा, आणि मॉलमध्ये नाही, घाऊक बाजारात. व्यापारी किती दिवसांची उधारी देतो, गेल्या वर्षीपेक्षा दिवस वाढले की कमी झाले, छोटा दुकानदार आठवड्यातून किती वेळा माल उचलतो, कुठल्या वाराला गर्दी असते, रिचार्जची सगळ्यात जास्त खपणारी रक्कम कोणती, एवढंच विचारायला सांगा. गर्दी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असेल तर पगाराचं शहर आहे, मोठा पॅक न्या. रोज संध्याकाळी सारखीच असेल तर रोजंदारीचं आहे, लहान पॅक आणि डिस्ट्रिब्युटरला जास्त फेऱ्या मारायची तयारी. पीक आल्यावर असेल तर वर्षातले तीन-चार महिनेच तुमचे, बाकी काळात माल कोंबायचा नाही, कितीही टार्गेट असो.

तुम्ही तीन भाग विचारलेत, त्यात तुमच्या आकाराच्या कंपनीला मी आफ्रिकेतला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा देश, म्हणजे नायजेरिया, आधी घ्या असं म्हणणार नाही, तिथे चलनाचा एक झटका तुमची दोन वर्षांची कमाई खाईल आणि तो सोसायला मोठ्या कंपनीची तिजोरी लागते. त्यापेक्षा जिथे कच्च्या मालापैकी निम्मा तरी देशातच मिळतो, जिथे हार्ड डिस्काउंटची एखादी साखळी जोरात दुकानं उघडतेय आणि तिला लेबलचा पुरवठादार हवाय, असा मधल्या आकाराचा देश बघा, कोलंबिया, व्हिएतनाम, मोरोक्को या नावांपासून छाननी सुरू करता येईल. पहिला करार करताना पैसे किती दिवसांत मिळणार हे किमतीपेक्षा जास्त ताणून धरा, आणि डॉलरात घेतलेल्या कच्च्या मालाचा साठा दोन-तीन महिन्यांवर जाऊ देऊ नका.